नागपुरात पियानोवाल्यांचं संमेलन: पेटी-तबला विकणाऱ्याने जावं का?

पेटीवाला
नमस्कार मंडळी. आमचं वाद्यांचं दुकान आहे, बर्डीपासून फार लांब नाही. आजोबांच्या काळापासून पेटी, तबला, ढोलकी, भजनी मंडळांचे टाळ. माझ्या हाताखाली गिटार आणि कीबोर्ड आले.

पुढच्या महिन्यात इथल्या एका हॉटेलात पियानो कंपन्यांचे लोक, आयातदार आणि आजूबाजूचे डीलर यांचं संमेलन आहे. रायपूर, जबलपूर, अमरावती, चंद्रपूर, सगळीकडच्या दुकानदारांना बोलावणं गेलंय, मलाही आलं. फोनवरचा माणूस फारच गोड बोलत होता. म्हणे दुकानात दर्शनी एक अपराइट, म्हणजे उभा पियानो मांडा, तारांचा, खराखुरा. मग डिजिटलची डीलरशिप सोबत देतो. अपराइटचे पैसे मात्र आधी भरायचे आणि परत घेण्याची बात नाही.

माझे प्रश्न दोन. नागपुरात तारांचा पियानो घेणारं गिऱ्हाईक खरंच आहे का? आणि आपल्या मे महिन्यात ते यंत्र टिकतं का? बाबा म्हणतात, "जा, जेव, आणि कुठेही सही न करता परत ये."

तर्रीबाज
बाबांना माझा नमस्कार सांगा. धंद्याचं शिक्षण याहून कमी शब्दांत कोणी देत नाही.

संत्राबर्फी
काहून बे, लग्नाच्या हॉलमधी कोपऱ्यात ठेवाले घेतीन ना लोकं! पांढरा पियानो, त्याच्यावर नवरीचा फोटो. वाजला नाई तरी चालते.

सिव्हिल_लाइन्स
संत्राबर्फी, हसण्यावारी नेऊ नका, वाजवायला कमी आणि दाखवायला जास्त हा प्रकार जुनाच आहे. १८६१ साली मध्य प्रांत झाला, नागपूर राजधानी झाली, आणि साहेबलोकांच्या बंगल्यांत, क्लबांत, चर्चमध्ये पियानो आले. विलायतेतले कारखाने तेव्हा उष्ण देशांसाठी वेगळे पियानो बनवत. नुसत्या सरसावर न विसंबता सांधे स्क्रूने आवळलेले, फेल्ट (दाबलेली लोकर) आणि चामडं जिथे डकवलेलं तिथे वरून पितळी पट्ट्या मारलेल्या, जेणेकरून दमटपणात डकवलेलं सुटू नये. जाहिरातीत तसं स्पष्ट लिहीत. म्हणजे हा मे महिना टिकेल का, हा तुमचा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी लंडनच्या कारखानदारालाही पडला होता.

साहेब गेले तेव्हा यातले काही पियानो इथेच राहिले. माझ्या लहानपणी एका ओळखीच्या घरी होता, वर जाजम, जाजमावर बर्नी.

मृदुला_ध
मी धरमपेठेत पियानो शिकवते, म्हणून गिऱ्हाइकाबद्दल लिहिते.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांचे पालक आधी विचारतात, "मॅडम, कीबोर्डवर नाही का होणार?" पहिलं वर्षभर होतंही. मग ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या संगीत परीक्षांच्या ग्रेड सुरू झाल्या की बोटांना वजन लागतं. पट्टी हळू दाबली तर हळू वाजली पाहिजे, जोरात दाबली तर जोरात, आणि पट्टी खाली जाताना बोटाला थोडा विरोध झाला पाहिजे. तिथे स्वस्त कीबोर्ड संपतो. तेव्हा लोक ८८ पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्यांचा डिजिटल घेतात आणि बहुतेकांचं पुढची पाचसहा वर्षं त्यावर छान भागतं. हेडफोन लागतो, शेजारी भांडत नाहीत, ट्यूनिंग नाही.

तारांचा पियानो माझ्या माहितीत घेतला तो डॉक्टर मंडळींनी, एकदोन हॉटेलांनी आणि शाळांनी. शाळा हे खरं गिऱ्हाईक. पण शाळेचं खरेदीचं गाडं जानेवारीत हलतं, जूनपर्यंत संपतं, आणि पैसे कधी येतील ते तुम्ही दुकानदार आहात, तुम्हाला मी काय सांगू.

फ्लॅटचाही विचार करा. अपराइट दोनशे-अडीचशे किलो सहज भरतो. मनीषनगरात चौथ्या मजल्यावर, ज्या लिफ्टमध्ये सोफा आडवा जात नाही तिथे तो नेणार कोण?

काळी_चार
पियानोचं एवढं कौतुक कशाला ते मला कळत नाही. ज्या वाद्यात मींड नाही, दोन सुरांच्या मधली जागा नाही, त्यावर आपलं गाणं वाजत नाही. आपल्या शहराने वसंतराव देशपांड्यांना गाणं शिकवलं, शंकरराव सप्र्यांच्या हाताखाली. इथे काय पियानोचे मेळावे भरवता!

सुरपेटी
काळी_चार, नाव पट्टीचं घेतलंत आणि पट्टीच्या वाद्यावर रागावलात. मींड पेटीतही नाही. याच कारणाने आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं. आणि पेटी तरी कुठली देशी? पॅरिसमध्ये जन्मली, पायपेटी होऊन आली, कलकत्त्याच्या कारागिरांनी तिचा भाता मागे घेतला आणि जमिनीवर बसून वाजेल अशी केली. आज भजनी मंडळात तिच्याशिवाय हलत नाही. एवढी वर्षं शिव्या खाऊन ती टिकली, कारण दुरुस्त करणारा गल्लीत मिळतो.

काळी_चार
मुद्दा मान्य नाही, पण उत्तर आवडलं.

माइनकाठचा_वैदर्भी
मी जर्मनीत असतो, मूळ काटोलचा. फ्रँकफुर्टला वाद्यांचा मोठा व्यापारमेळा भरायचा, आता बंद झाला. बंद होण्याआधी मी तिथे गेलोय. एका दालनात शंभर पियानो आणि शंभर माणसं एकाच वेळी वेगवेगळं वाजवताहेत, असा तो प्रकार. पंधरा मिनिटांत कोणता पियानो चांगला हे कळेनासं होतं. पेटीवाले, तुमच्या संमेलनात हेच होणार. ऐकायचं असेल तर सकाळी दार उघडायच्या वेळेला जा.

या संमेलनांचा इतिहास मजेशीर आहे. अमेरिकेतली नॅम ही संस्था आज जानेवारीत ॲनाहाइमला जगभरची वाद्यं जमवते. तिचा जन्म १९०१ सालचा, आणि तेव्हा ती निव्वळ पियानो डीलरांची संघटना होती. गिटार, ढोल सगळं नंतर आलं, १९१९ मध्ये नाव बदलून संगीतवस्तूंचे व्यापारी असं केलं. त्या काळात पियानो म्हणजे आजच्या टीव्हीच्या जागी. १९०९ साली एकट्या अमेरिकेत साडेतीन लाखांवर पियानो बनले. नंतर ग्रामोफोन, रेडिओ आणि मंदी आली आणि बाजार बसला. आता सगळ्यात जास्त पियानो चीनमध्ये बनतात. ग्वांगझूच्या पर्ल रिव्हरइतके नग दुसरा कोणताही कारखाना काढत नाही, आणि व्यापाऱ्यांची गर्दी ऑक्टोबरात शांघायला होते.

पण सगळ्यात कामाचं संमेलन माझ्या मते १९०८ सालचं, अमेरिकेत बफेलो गावी झालेलं. तेव्हा आपोआप वाजणारे पियानो निघाले होते, कागदाच्या भोकं पाडलेल्या गुंडाळीवर चालणारे. प्रत्येक कंपनीची गुंडाळी वेगळ्या मापाची, एकीची दुसरीच्या पियानोत बसेना. गिऱ्हाईक वैतागलेलं. बफेलोला गुंडाळीवाले एकत्र बसले आणि ठरवून टाकलं: ८८ सुरांची गुंडाळी सव्वाअकरा इंच रुंद, इंचाला नऊ भोकं. संपला तंटा.

तर्रीबाज
आणि आमच्याकडे अजून मोबाइल चार्जरवर संमेलन चालू आहे.

लाकूडवेडा
दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे टिकण्याचं, कोणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी लाकडाच्या धंद्यात आहे, बल्लारपूर-आलापल्लीचा साग हाताळत आयुष्य गेलं.

पियानोत दोन जागा नाजूक. एक साउंडबोर्ड, म्हणजे तारांमागची मोठी पातळ फळी. ती स्प्रूसची असते, हलकी, सरळ धाग्याची, आणि किंचित फुगीर बसवलेली. हवेत ओल वाढली की ती फुगते, तारा ताणल्या जातात, सूर चढतो. हवा कोरडी झाली की फळी बसते, सूर उतरतो. फारच कोरडी झाली तर चीर पडते. दुसरी जागा पिनब्लॉक. सव्वादोनशेच्या वर तारा, सगळ्यांचा मिळून ताण अठरा-वीस टन. तो भार पेलते बिडाची चौकट, पण प्रत्येक तारेची खुंटी धरून ठेवते ती थरथरांची लाकडी फळी, केवळ घट्टपणाच्या जोरावर. ती वाळली की खुंटी सैल. मग आज लावलेला सूर उद्या नाही.

कारखानेवाले ४० ते ५० टक्के आर्द्रता ठेवा म्हणतात. आपल्याकडे मे महिन्यात दुपारची हवा २० टक्क्यांच्याही खाली जाते आणि ऑगस्टमध्ये ८० च्या वर. २०१३ च्या मे मध्ये पारा ४७ च्या पुढे गेला होता, आठवत असेल. नुसत्या उष्णतेने पियानो मरत नाही. मारतो तो हवेतल्या ओलीचा हेलकावा.

आणि त्यात आपला कूलर! दुपारभर खोली पापडासारखी वाळलेली, संध्याकाळी पाचला कूलर सुरू, रात्रभर ओली हवा, सकाळी बंद. वर्षाचा हेलकावा कूलरवाला माणूस एका दिवसात देतो. पियानो कूलरच्या झोतात ठेवण्यापेक्षा गच्चीवर ठेवा, निदान लवकर सुटेल.

नंदनवन_१२
मग एसी लावायचा. सोपं आहे.

लाकूडवेडा
चोवीस तास आणि बारा महिने लावणार असाल तर सोपं. लोक रात्री लावतात, सकाळी बंद करतात, तोही हेलकावाच. शिवाय एसी उन्हाळ्यात आधीच कोरडी हवा आणखी वाळवतो. पियानोच्या आत बसवायची आर्द्रता सांभाळणारी यंत्रं मिळतात, पाण्याची टाकी आणि वाळवणारी कांडी दोन्ही असलेली. त्यात पाणी भरायचं लक्षात ठेवणारा माणूस मात्र घरात लागतो.

नंदनवन_१२
आमच्याकडे कूलरमध्ये पाणी भरायचं कोणाच्या लक्षात राहत नाही.

पुण्याचा_पाहुणा
पुण्यात हवामानाचा हा प्रश्नच येत नाही.

संत्राबर्फी
आले! वाटच पाहून राहिलो होतो.

तर्रीबाज
पुण्यात दुपारी एक ते चार पियानो वाजत नाही, एवढंच.

सिव्हिल_लाइन्स
जुन्या जपानी पियानोंचं कोणी बोलत नाही. आपल्याकडे येणारे बरेच नग हे जपानमधल्या घरांतून निघालेले, पॉलिश करून पाठवलेले असतात. अमेरिकेत यावरून मोठा वाद झाला होता. यामाहा या पियानो कंपनीचं म्हणणं, जपानच्या बाजारासाठी बनवलेल्या पियानोचं लाकूड तिथल्या दमट हवेच्या हिशेबाने वाळवलेलं असतं, अमेरिकेतल्या कोरड्या घरांत ते दगा देतं. जुने नग आणणारे व्यापारी म्हणाले, तुमचा नवा माल खपावा म्हणून ही हूल. दोघांचाही स्वार्थ आहे, तेव्हा कोणाचंच डोळे मिटून ऐकू नये. पण कोरड्या घरांचीच भीती असेल तर आपल्या मे महिन्याचा विचार कोणी केलेला नाही हे नक्की.

तारकरी
मी पियानो ट्यूनर. मुंबईत राहतो, हिवाळ्यात आणि पावसाळा सरल्यावर नागपूर-रायपूरकडे चक्कर असते. धागा वाचत होतो, आता राहवलं नाही.

वरचं सगळं बरोबर आहे, पण पेटीवाले, तुम्ही प्रश्न उलट्या टोकाने धरलाय. गिऱ्हाईक आहे का, पियानो टिकतो का, हे नंतर. आधी विचारा, विकल्यानंतर हात कोण लावणार?

नव्या पियानोच्या तारा पहिल्या वर्षी ताणत राहतात, तेव्हा तीनचार वेळा ट्यूनिंग लागतं. नंतर वर्षातून दोनदा, हवा बदलली की. नागपुरात मी बघतो ते असं: पियानो आला, उद्घाटन झालं, फोटो झाले. मग वर्ष-दोन वर्षं कोणी बोलावत नाही. तोवर सूर पाव पट्टी उतरलेला असतो. मग मुंबईहून माणूस बोलवायचा तर भाडं, राहणं, एकदम ओढून वर आणायचं म्हणून दोनदा फिरवणं. घरमालकाला बिल बघून घाम फुटतो. मग तो डिजिटल घेतो आणि पियानोवर टीव्ही ठेवतो. अशी घरं मी नावानिशी सांगू शकेन, सांगणार नाही.

एका शाळेत तर पावसाळ्यात पट्ट्या अडकतात म्हणून शिपायाने पट्ट्यांच्या मधे तेल सोडलं होतं. खोबरेल.

मृदुला_ध
अरे देवा. पॅराशूट?

तारकरी
वासावरून तरी तसंच वाटलं. फेल्ट सगळं बदलावं लागलं.

माइनकाठचा_वैदर्भी
तारकरी, तुमच्या म्हणण्याला पुरावा थेट यामाहाच्या घरातला. तोराकुसु यामाहा हा मुळात दुरुस्ती करणारा माणूस. १८८७ साली हामामात्सुच्या शाळेतला बिघडलेला ऑर्गन त्याने दुरुस्त केला, तो उघडून आतलं समजून घेतलं आणि सोबत्याला घेऊन तसाच एक बनवला. मग दोघांनी तो खांद्यावर काठीला टांगून, हाकोनेचा घाट चढून, चालत टोकियोला संगीतशाळेत नेला. तिथे काय म्हणाले? बनलाय ठीक, सूर मात्र लागलेले नाहीत. गडी तिथेच राहून ट्यूनिंग शिकला, परत जाऊन दुसरा बनवला, तो पास झाला. त्या कंपनीच्या चिन्हात आजही तीन ट्यूनिंग फोर्क (सूर जुळवायचे चिमटे) आहेत. कारखाना नंतर आला, सूर लावणं आधी.

सुरपेटी
हेच मी पेटीबद्दल म्हटलं होतं वर. दुरुस्त करणारा गल्लीत पाहिजे.

काळी_चार
तानपुऱ्याचंही तेच. मिरजेहून जवारी करणारा, म्हणजे घोडी घासून सूर खुलवणारा, यायचा म्हणून इथल्या घरांतले तानपुरे बोलत होते. चला, एका मुद्द्यावर आपण सगळे एका सुरात आलो, तोही पियानोच्या धाग्यावर.

पेटीवाला
सगळ्यांचे आभार. संमेलन होऊन गेलं, वृत्तांत देतो.

वैदर्भींचं ऐकून दार उघडायच्या वेळेला पोचलो. हॉल एसीत गारठवलेला, पाच अपराइट, एक बेबी ग्रँड, बाकी डिजिटल. बेबी ग्रँडभोवती सगळे डीलर फोटो काढत होते, किंमत विचारायला कोणी पुढे होत नव्हतं. बाजूच्या हॉलमध्ये कोणाच्या तरी साखरपुड्याचा डीजे. कंपनीच्या माणसाने पियानोवर अगदी मंद, नाजूक काही वाजवायला घेतलं की पलीकडून ढोल. शेवटी त्याने हात जोडले.

भाषणांत वाढता मध्यमवर्ग, मुलांची एकाग्रता, दर्शनी भागात पियानो ठेवला की दुकानाची पत वाढते, असं सगळं झालं. प्रश्नोत्तरांत मी उठून तारकरींचा प्रश्न विचारला: विकल्यावर ट्यूनिंग कोण करणार, आणि वॉरंटीत आर्द्रतेबद्दल काय लिहिलंय? पहिल्याला उत्तर मिळालं, "मुंबईहून सपोर्ट आहे." दुसऱ्याला कागद मिळाला. त्यात बारीक अक्षरांत होतं की हवामानामुळे लाकडाला तडा गेला तर वॉरंटी लागू नाही. रायपूरचे एक जुने डीलर मागून ओरडले, "मग लागू कशाला आहे, रंगाला?" हॉल हसला. पण चहाच्या वेळी तेच लोक माझ्याभोवती जमले. सगळ्यांचं दुखणं एक निघालं. अमरावतीच्या एकाकडे अपराइट उभा आहे, विकलाही जात नाही आणि सुरातही नाही.

तिथेच उभ्या उभ्या एक ठरलं. आम्ही पाचसहा दुकानदारांनी मिळून कंपनीला सांगितलं की डेमो पियानोला आगाऊ पैसे कोणीच भरणार नाही. त्याऐवजी आमच्यातली दोन पोरं तुमच्या खर्चाने ट्यूनिंग शिकायला पाठवा. परत आल्यावर नागपूर, अमरावती, रायपूर, जबलपूर असा फेरा ती करतील, आणि मग आम्ही पियानो मांडू. त्या गोड बोलणाऱ्या माणसाने वरिष्ठांना विचारतो म्हटलं. मी डिजिटलची डीलरशिप वेगळी मागितली आहे, अपराइटची अट काढून. सही केलेली नाही.

आमच्या पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा मुलगा कानाने पक्का आहे, रीड घासून सूर आणतो. त्याला विचारलंय.

तर्रीबाज
हे बफेलोच झालं की नागपूरचं!

लाकूडवेडा
इतकी घाई नको. कंपनीने हो म्हणू देत आधी. पण वॉरंटीचा कागद मागितलात हे झकास.

नंदनवन_१२
माझ्या मामेसासऱ्यांकडे एक जुना इंग्लिश पियानो आहे, पट्ट्या हस्तिदंती आहेत म्हणतात. विकला तर किती येतील?

सिव्हिल_लाइन्स
खरंच हस्तिदंत असेल तर विकायच्या भानगडीत पडण्याआधी वनखात्याकडे चौकशी करा. वन्यजीव कायद्याखाली हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे, पियानोला चिकटलेलं असलं म्हणून सुटका नाही.

नंदनवन_१२
बापरे. त्यावर टीव्हीच बरा.

तारकरी
पेटीवाले, त्या मुलाला रीडचा कान आहे हे उत्तम, पण पियानोत बहुतेक सुरांना तीन-तीन तारा, तिन्ही एकजीव करायला हात वेगळा लागतो. कंपनीचं उत्तर येईल तेव्हा येईल. ऑक्टोबरात मी येतोय, त्याला दोन दिवस माझ्याबरोबर फिरू द्या. पाना त्याच्या हातात देईन, तुटली एखादी तार तर माझ्या खर्चाने. अमरावतीचा तो अपराइटही बघून घेऊ, फक्त खोबरेल घालू नका म्हणावं.

मृदुला_ध
तारकरी, येताच आहात तर माझ्या क्लासचा पियानोही घ्या हो. नोव्हेंबरात मुलांच्या परीक्षा आहेत आणि मधला सा सध्या दोन आवाजांत बोलतोय.

पेटीवाला
मॅडम, तुमचं नाव यादीत घातलं. आणखी कोणाकडे असेल तर इथेच लिहा, भाडं सगळ्यांत वाटून घेऊ. तिसऱ्या मजल्याच्या वर असेल तर तेही सांगा, तारकरींची गुडघेदुखी सुरू आहे असं फोनवर कळलं.